लाभांश : निरंक

दरवर्षी जुलैत मी एकच वाक्य टाइप करते :
"चालू वर्षी संचालक मंडळ
लाभांशाची शिफारस करत नाही."
खरं तर टाइपही करत नाही,
गेल्या सालच्या फाइलीतून उचलते, साल बदलते.
एकदा साल बदलायचं राहिलं.
दोन हजार तीनशे सहा भागधारकांत
ते फक्त उकिडव्यांना दिसलं.

आमची कंपनी कर्वे रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
खाली चष्म्यांचं दुकान,
वर आम्ही,
भंडाऱ्याकडच्या रानात साडेतीनशे मीटर खाली
तांबं आहे की नाही ते बघणारे.
अकरा भोकं पाडून झाली.
आहे, असं अहवाल म्हणतो. पुरेसं आहे, असं
अजून कुठलाच अहवाल म्हणत नाही.

सभा एरंडवण्यात, गणपती उठल्यावर
(आधी घेतली तर रस्ते बंद).
खुर्च्या साठ, माणसं एकोणतीस,
त्यातली दोन साबुदाणा वड्यासाठी.
उकिडवे पहिल्या रांगेत. दोनशे शेअर,
अजून कागदी, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीला रबर.
"साहेब, लाभांशाचं काही धोरण तरी आहे?"
केळशीकर सर चष्मा पुसतात.
"आहे की. सापडलं की देऊ."
"आणि सापडेपर्यंत?"
"खणू."
"कोणाच्या पैशानं?"
"तुमच्याच."
हे दरवर्षी. हशाही ठरलेला, त्याच जागी.

शून्याला कितीही जणांत भागा,
प्रत्येकाला सारखंच येतं.
एवढी समता या शहरात
दुसरीकडे कुठे पाहिली नाही मी.

पण एका वर्षी घोटाळा झाला : नफा झाला.
भोकं पाडायचं यंत्र वेळेवर आलं नाही,
पैसे बँकेत पडून राहिले, व्याज धरलं,
आणि ताळेबंदाच्या तळाशी, कंस नसलेले,
तीन लाख अकरा हजार.
उकिडवे उभे राहिले. पिशवीचं रबर काढलं.
"वाटा."

मी हिशेब केला. शेअरमागे तेरा पैसे.
उकिडव्यांना सव्वीस रुपये,
चेक पाठवायला कुरियरचे चाळीस.
"सव्वीस तर सव्वीस," ते म्हणाले,
"एकदा तरी या कंपनीकडून
माझ्या नावाचं पाकीट येऊ दे."

सर म्हणाले, "याचे चाळीस मीटर होतात.
सात नंबरच्या भोकात आपण थांबलो
ते दगड रंग बदलत असताना."
मी त्यांच्या कानाशी लागले : सर,
मंडळाची शिफारस नाही, सभेला वाटताच येत नाही,
कायदा आहे.
"असू दे हो. हात वर करू देत."

पाकीट हवं असलेले, हात वर.
बारा. उकिडवे धरून.
चाळीस मीटर हवे असलेले, हात वर.
अठरा.
मी पुन्हा मोजले. एकोणतीस माणसं, तीस हात.
उकिडव्यांचा हात दोन्हीकडे होता,
दुसऱ्या वेळी कोपरातून जरा वाकलेला,
बस थांबवावी की नाही, अशा बेतानं.

यातलं काही इतिवृत्तात घेतलेलं नाही.
कायद्यानं ते झालंच नाही.
म्हणून इथे लिहून ठेवते.

चाळीस मीटर खणले. राखाडी शिस्ट,
मग पांढरा गार, मग पुन्हा राखाडी.
तांबं नाही म्हणण्याइतपत.
गाभ्याच्या पेट्या फुरसुंगीच्या गोदामात आल्या,
तेव्हा उकिडवे रिक्षा करून आले.
तीनशे चौऱ्याण्णव मीटर खालचा बोटभर तुकडा
मी त्यांना दिला. रजिस्टरात लिहिलं :
नमुना, निरुपयोगी, एक नग. त्यांनी सही केली
आणि खाली तारीख घातली,
वेळसुद्धा.

यंदा ते तुकडा खिशात घालून आले.
शेजारच्या बाईंना दाखवत होते :
"कोरडा बघू नका, कोरड्यात काही कळत नाही."
प्यायच्या ग्लासात बोट बुडवून
त्यांनी दगड ओला केला.
बाईंनी खाली वाकून पाहिलं.
मग ओला दगड तसाच मुठीत धरून
ते उभे राहिले, घसा खाकरला,
आणि सरांनी चष्मा काढला पुसायला.